‘ताई, एक सही लागेल तुझी’ : लेकीच्या वाट्याचा कायदा, सोपा करून

२०२५च्या एप्रिलमध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेल्या मयत खातेदारांची नावं काढायची आणि वारसांची लावायची, एवढाच हेतू. पण वारस लावायचे म्हणजे वारस कोण ते आधी लिहावं लागतं, आणि त्या यादीत लेकींची नावं येतात. मग फोन जातो, “ताई, एक सही लागेल तुझी. कधी येतेस?”

माझ्या आत्याने अशी सही २०११ साली केली. मी सोबत होते. तालुक्याच्या कचेरीत फोटो काढला, सही झाली, पण यंत्रावर तिचा अंगठा काही उमटेना. चाळीस वर्षं सासरच्या रानात खुरपणी करून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. “मावशी, अंगठा डोक्यावर घासा, तेल लागू द्या,” असं तिथल्या पोराने सांगितलं. तिने घासला. चौथ्या खेपेला उमटला. बाहेर येऊन माझ्या वडिलांनी तिला साडी घेतली, आम्ही भेळ खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीने ती परत गेली. त्या दिवशी तिने नक्की काय सोडलं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तिला ते तेव्हा माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

### विहिरीतली पाळी

हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचा जुना नियम समजून घ्यायला विहीर बरी पडते. चार भावांच्या सामाईक विहिरीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाळी कुणी कुणाला मागत नाही, ती असतेच. आता त्याच विहिरीवर शेजारीण घागर घेऊन आली, तर तिलाही पाणी मिळतं. कुणी नाही म्हणत नाही. पण तिला पाळी नाही. उद्या कुणी नाही म्हणालं, तर ती कुठे दाद मागणार?

मिताक्षरा नावाच्या जुन्या धर्मशास्त्रीय परंपरेत, जी महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागात चालत होती, घरात मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मालमत्तेत त्याची पाळी लागायची. जन्माने हक्क मिळालेल्या या गटाला कायद्यात सहदायकी म्हणतात. शब्द जड आहे, पुढे मी ‘जन्महक्क’ एवढंच म्हणेन. मुलगी या गटात नव्हती. तिला पोसणं, तिचं लग्न लावणं ही घराची जबाबदारी होती. विधवेला पोटगी होती. श्रीमंत घराण्यात चोळी-बांगडीसाठी जमिनीचा तुकडा तोडून देत. नावातच सगळं आलं: जमीन दिली तीही चोळी-बांगडीच्या खर्चासाठी, कसायला नव्हे.

म्हणजे पाणी मिळत होतं, पाळी नव्हती. पुढे बायकांच्या चळवळींनी जे काही केलं, त्यातलं या विषयापुरतं सार एवढंच की ‘हिला काय द्यायचं’ हा प्रश्न मोडून ‘हिचं काय आहे’ हा प्रश्न आणला.

### पुण्यातली परिषद ते बाबासाहेबांचा राजीनामा

जानेवारी १९२७मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं. विषय होता मुलींचं शिक्षण. पण मुलगी शाळेत का टिकत नाही याचा शोध घेता घेता बायका बालविवाहापर्यंत आणि तिथून वारसाहक्कापर्यंत पोचल्या. १९३७ साली मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मांडलेला कायदा झाला, लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. त्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला, पण हयातीपुरता. ती विकू शकत नव्हती, कुणाला देऊ शकत नव्हती. ती गेली की मालमत्ता पुन्हा नवऱ्याकडच्या वारसांकडे. मुलीचं नाव त्यात नव्हतंच.

मग आलं हिंदू कोड बिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुद्याची धार नेमकी इथे होती: मुलग्यांचा हा जन्महक्कच मोडायचा आणि मुलीला वडिलांची वारस करायचं. घटस्फोटावरून जेवढा गदारोळ झाला, तेवढाच मुलीच्या वाट्यावरूनही झाला. बहीण वाटेकरी झाली तर भाऊ-बहिणीचं नातं तुटेल, घर मोडेल, जावई शेतात येऊन उभा राहील, असं संसदेत बोललं गेलं. हीच वाक्यं मी गेल्या वर्षी एका बारशात ऐकली, शब्दही फारसे बदललेले नाहीत. बिल रखडलं, आणि सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं.

बिलाचे चार तुकडे करून ते १९५५-५६मध्ये मंजूर झालं. त्यातला एक म्हणजे १७ जून १९५६चा हिंदू वारसा कायदा. त्याने मोठी गोष्ट केली: बाईच्या मालकीची मालमत्ता ही पूर्णपणे तिचीच, हयातीपुरती वगैरे नाही. आणि वडिलांची स्वतःची मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांच्यात सारखी वाटायची. हे १९५६पासून आहे. ‘मुलींना २००५मध्ये वाटा मिळाला’ असं सर्रास म्हणतात, ते अर्धंच खरं. पण वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलग्यांचा जन्महक्क मात्र या कायद्याने राहू दिला. बाबासाहेबांना जे मोडायचं होतं, नेमकं तेच शिल्लक राहिलं.

### अठरा एकरांचं गणित

वडिलोपार्जित अठरा एकर. वडील, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच गेलेली आहे असं धरू, म्हणजे हिशोब सुटसुटीत होईल.

जुन्या पद्धतीत वडील गेले की आधी मनातल्या मनात वाटणी करायची. जन्महक्कवाले तिघे: वडील आणि दोन मुलगे. प्रत्येकी सहा एकर. मुलग्यांचे सहा-सहा बाजूला झाले. उरले वडिलांचे सहा. त्यात तीन वारस: दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकी दोन. म्हणजे मुलग्यांना आठ-आठ, मुलीला दोन. कायदा म्हणत होता की मुलगी समान वारस आहे, आणि ती होतीही, फक्त ताटात उरलेल्या भाकरीची.

आता मुलीलाही जन्महक्क द्या. चौघे झाले, साडेचार-साडेचार एकर. वडिलांच्या साडेचारात तिघांना दीड-दीड. तिघांनाही सहा-सहा. दोनाचे सहा झाले. २००५च्या दुरुस्तीने काय केलं, याचं उत्तर हे चार एकर.

### हे चार एकर आले कसे

१९७४च्या अखेरीस, देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमलेल्या समितीने अहवाल दिला आणि जन्महक्काची पद्धतच रद्द करा असं सुचवलं. पुढचं वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती परिषद भरली. शहरी चळवळीचा भर पुढे हुंडाबळी, बलात्काराचे कायदे यांच्यावर राहिला, आणि परिस्थितीच तशी होती. जमिनीचा प्रश्न खेड्यातून आला. संगमनेरसारख्या ठिकाणी १९८०च्या दशकात नवऱ्याने टाकलेल्या बायका संघटित झाल्या. त्यांचा प्रश्न पुस्तकी नव्हता: सासरने हाकललं, माहेरी भाऊ-भावजय आठ दिवस बघतात, नवव्या दिवशी कुठे जायचं?

नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखावर बायका आल्या. त्यातून पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली. बायकोला घरची लक्ष्मी म्हणता ना, मग थोडी जमीन तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. मोर्चा नाही, खटला नाही, नवऱ्यांनी स्वखुशीने नाव लावायचं. स्त्रीवाद्यांपैकी काहींना यात उपकाराची भाषा खटकली. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि सातबाऱ्यावर चढलेली नावंही खरी होती.

कायद्यात पहिलं पाऊल दक्षिणेकडच्या राज्यांनी टाकलं. केरळने १९७५मध्ये जन्महक्क सगळ्यांचाच काढून टाकला. आंध्र आणि तमिळनाडूने तो ठेवून मुलींनाही दिला. महाराष्ट्राने हेच २२ जून १९९४ला केलं, पण एक मेख मारून: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. घरातली थोरली २० जूनला बोहल्यावर चढली म्हणून वाटणीबाहेर, धाकटीचं लग्न जुलैत म्हणून वाटणीत. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राची दुरुस्ती आली आणि ही मेख निघाली. लग्न झालेली, न झालेली, विधवा, सगळ्यांना सारखा जन्महक्क. शेतजमिनीला असलेली पळवाटही बंद झाली. माहेरच्या राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, तेही गेलं.

तरी घोळ राहिलाच. २००५च्या आधी वडील वारले असतील तर? २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हक्क नाही, २०१८मध्ये दुसऱ्या पीठाने वाटा दिला. खालची न्यायालयं दोन दगडांवर पाय ठेवून उभी. शेवटी ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी निकाल लावला: हक्क जन्माने आहे, तेव्हा ९ सप्टेंबर २००५ला वडील जिवंत होते की नव्हते याचा संबंध नाही. मुलगी मात्र त्या तारखेला हयात असायला हवी.

### ‘आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच की’

नाही, आणि इथे भल्याभल्यांची गफलत होते. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन १९५६नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर न्यायालयं ती वडिलांची स्वतःची धरतात. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक चालत आलेली, ती खरी वडिलोपार्जित.

फरक कधी पडतो? वडिलांनी मृत्युपत्र केलं तर. स्वतःची मालमत्ता ते कुणालाही देऊ शकतात, मुलीला पूर्ण वगळूनही. वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना फक्त आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं, मुलीच्या वाट्याला हात लावता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर दोन्हीकडे मुलीला मुलाइतकंच मिळतं. गोव्यात हीच गोष्ट वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमांनुसार आईबापांना निम्म्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. उरलेली निम्मी मुला-मुलींसाठी राखीव.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांपुरतं. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम निराळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही. नंदुरबार-गडचिरोलीच्या बहिणींचा प्रश्न त्यामुळे आणखी अवघड आहे.

### ‘आमची वाटणी कधीच झाली’

तारीख बघा. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, तर ती कायम. ‘ओट्यावर बसून तोंडी केली होती’ हे सहसा चालत नाही. पण त्या काळच्या सरकारी कागदांतून ती वाटणी पक्की दिसत असेल, तर क्वचित मान्य होते. ही अट मुद्दाम कडक आहे, कारण कायदा येतोय म्हटल्यावर जुन्या तारखांच्या वाटण्या उगवायला वेळ लागत नाही.

### ‘लग्नात केलं की एवढं’

केलं, खरं आहे. कित्येकांनी जमीन गहाण टाकून केलं. पण तो खर्च मांडवात, मानपानात गेला. हुंडा असेल तर तो सासऱ्याच्या खिशात गेला, आणि तो १९६१पासून गुन्हा आहे. तिच्या अंगावर घातलेलं सोनं तिचं, पण ते वाट्यापोटी दिलं असं कुठे लिहून घेतलं होतं? भावाच्या लग्नाचा आणि त्याच्या इंजिनीअरिंगच्या फीचा खर्च त्याच्या वाट्यातून वजा केला असेल, तर बोलू.

### ‘आईबापाला सांभाळायचं कुणी?’

या आक्षेपात मला तथ्य वाटतं. गावात राहून म्हातारपण काढायला भाऊ असतो, दवाखान्याच्या खेपा तो घालतो. पण कायद्याने ही जबाबदारी मुलीवरही आहे. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीलाही बापाच्या पोटगीची जबाबदारी सांगितली, आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर मुलगा-मुलगी असा भेदच नाही. मुलीकडून सांभाळ मागावा आणि वाटाही द्यावा. आणि एक विचारतेच: भाऊ सांभाळतो म्हणतो तेव्हा घरात प्रत्यक्ष कोण करतं? बहुधा भावजय, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी बहीण, जिने तिच्या माहेरी सही दिलेली असते.

### ‘जमिनीचे तुकडे होतील, परक्याच्या घरात जाईल’

तुकडे चार भावांनीही होतात, तेव्हा कुणी धाकट्याला ‘सही दे’ म्हणत नाही. वाटा म्हणजे बांध घालणंच असंही नाही. नाव लावून जमीन भावाला कसायला देता येते किंवा वाट्याची किंमत घेता येते. आणि परक्या घराचं म्हणाल, तर कायद्यात याचीही सोय आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नसते: आईबापाकडून वारसाने मिळालेली मालमत्ता असलेली बाई मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मूलबाळ किंवा नातवंडं नसतील, तर ती मालमत्ता सासरी जात नाही, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते.

### सुनेचं काय मग?

इथे कायदा लंगडा आहे. लेकीला जन्महक्क मिळाला, सून कोरडीच. नवरा हयात असताना त्याच्या वडिलोपार्जित जमिनीत तिची स्वतःची पाळी नाही. बाप आणि मुलगे वाटणीला बसले तर आपल्याकडे आईला वाटा मिळतो, पण वाटणी मागायचा हक्क तिला नाही. वर लेकी वाटेकरी झाल्या की तोही थोडा आक्रसतो. नेमक्या याच फटीवर लक्ष्मीमुक्तीने बोट ठेवलं होतं.

### सही म्हणजे काय

आता मूळ मुद्द्यावर येऊ. बहिणीपुढे जो कागद ठेवतात, तो तीन प्रकारचा असू शकतो. वारसनोंदीचा अर्ज असेल, तर सही करावी, तिचं नाव लागण्यासाठीच तो आहे. वाटणीपत्र असेल, तर आपल्या नावापुढे किती गुंठे लिहिलेत ते बघावं. आणि हक्कसोडपत्र असेल, तर त्या सहीने आपला हिस्सा भावांना जातो, कायमचा. घर-जमिनीच्या हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते. साध्या कागदावरच्या सहीने किंवा तलाठ्यापुढच्या नुसत्या जबाबाने हक्क सुटत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जवळच्या नातलगासाठी सोडायला मुद्रांक शुल्क मात्र नाममात्र लागतं. हक्क मागायला वकील आणि वर्षं लागतात, सोडायला एक दुपार पुरते.

उलटंही ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असं होत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद, मालकी त्यावरून ठरत नाही. कित्येक उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, हे कुठल्याही कारखान्यातला कामगार सांगेल.

२०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखालच्या खात्यांपैकी बायकांकडे सुमारे १४ टक्के होती. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. बाकीचं या सह्यांमध्ये गेलं. बायका सही का देतात याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. भाऊबीजेला जायला घर उरावं म्हणून देतात. उद्या सासरी काही झालं तर दार उघडायला कुणीतरी असावं म्हणून देतात. आत्याच्या वाट्याच्या रानातून आलेल्या उसावर माझं शिक्षण झालं, तेव्हा मी यावर फार आवाज चढवून बोलू शकत नाही.

२०२०च्या निकालाची बातमी आली तेव्हा आत्या आमच्याकडे होती. टीव्हीवर बघून तिने विचारलं, “म्हणजे लग्न झालेल्या लेकीला पण हाय?”

“२००५पासूनच होतं, आत्या.”

ती जरा गप्प राहिली. “मग मी सही केली तवा पण व्हतं?”

मी हो म्हटलं. तिने पुढे विचारलं, दिलेलं परत मागता येतं का. मी सांगितलं की नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही. फसवून किंवा दबावाने घेतलं असं सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांत. वडील आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं.

“फसवलं न्हाई कुणी,” ती म्हणाली. “मागायचं बी न्हाई मला. इचारलं आपलं.” मग थोड्या वेळाने, लसूण सोलता सोलता, “वढ्याकडचा तुकडा चांगला व्हता. तिथं भुईमूग आला आसता.”